पडण्याचे नियम

माणसाला आयुष्यात एकदा तरी रीतसर पडता आलं पाहिजे, हे साहेबांना पन्नाशी उलटल्यावर कळलं. तसे ते त्याआधीही पडले होते. ओल्या बाथरूममध्ये पडले होते, आजारी पडले होते, आणि बढतीच्या वेळी तर न चुकता मागे पडले होते. पण त्या पडण्याची कुणी दखल घेतली नव्हती. दखल घेण्यासारखं पडायचं तर त्यासाठी टेकडी लागते, डर्ट बाईक लागते आणि खाली उभे राहून दात काढणारे मित्र लागतात.

टेकडी गावाबाहेर होती, बंद झालेल्या दगडखाणीच्या मागे. दर रविवारी सकाळी एका टेम्पोतून तिथे चार मोटारसायकली येत. या गाड्यांना दिवा नसतो, आरसा नसतो, मागे बसायला जागा नसते आणि चालवणाऱ्याला अक्कल नसते, असं साहेबांच्या बायकोचं मत होतं. टेम्पो शटरचा. शटर म्हणजे हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. रविवारी टेकडीवरून परत येईपर्यंत त्याच्या दुकानाचं शटर वर जात नसे, म्हणून हे नाव. दुसरा डॉक्टर, दाताचा. आठवडाभर लोक त्याच्यासमोर तोंड उघडत पण त्यांना बोलता येत नसे, त्यामुळे त्याला एकट्यानेच बोलायची सवय झाली होती. तिसरा मास्तर, शाळेत चित्रकला शिकवणारा, वागायला अत्यंत गरीब आणि गाडीवर बसला की पूर्ण वाया गेलेला. चौथे आपले साहेब. ते विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होते, म्हणजे लोकांना पैसे का मिळणार नाहीत हे त्यांना सभ्य भाषेत कळवायचं काम त्यांच्याकडे होतं. ऑफिसात त्यांना साहेब म्हणत. टेकडीवर त्यांना नुसतं ‘विमा’ म्हणत. ‘ए विमा, बाजूला सरक’ असं कुणी म्हटलं की साहेबांना आधी अपमान झाल्यासारखं वाटे आणि मग फार बरं वाटे.

या मंडळींची एक रीत होती. जो जिथे पडेल, त्या जागेला त्याचं नाव. डॉक्टर ज्या घळीत गाडीसकट गेला ती डॉक्टरची घळ. शटर ज्या खड्ड्यात बसून आईला हाका मारत होता तो शटरचा खड्डा. मास्तरच्या नावावर तर अर्धी टेकडी होती. मास्तरचा चढ, मास्तरचा उतार, मास्तरचं झाड, आणि एक मास्तरचा सपाट भाग, जिथे पडायचं काही कारणच नव्हतं, पण तो पडला होता. पत्ता सांगतानाही हीच भाषा चाले. ‘मास्तरच्या चढाने वर ये, शटरचा खड्डा डावीकडे ठेव, डॉक्टरच्या घळीपाशी भेटू.’ परक्या माणसाला वाटावं की जमिनीच्या वाटण्या चालल्या आहेत.

त्या सबंध टेकडीवर विम्याच्या नावाचा एक दगड नव्हता. वर्ष उलटून गेलं तरी नव्हता. याचं कारण सरळ होतं. साहेब पडतच नसत. चढ आला की ते गाडीवरून उतरून ती ढकलत नेत, उतार आला की दोन्ही पाय जमिनीला घासत येत, आणि खड्डा दिसला की लांबून त्याला वळसा घालत. त्यांच्या बुटांचे तळवे गाडीच्या टायरच्या आधी झिजले होते.

खरं सांगायचं तर साहेबांना याचं मनापासून वाईट वाटत होतं. खाली दगडांवर बसून थर्मासमधला चहा पिताना बाकीचे तिघे आपापल्या जागांबद्दल जमीनदारांसारखे बोलत. “तुझ्या खड्ड्यात पाणी साचलंय रे,” असं डॉक्टर म्हणे, आणि शटर घरचं माणूस आजारी असल्यासारखा चेहरा करून “बघतो” म्हणे. साहेब मग चहाचे कप विसळत. इतक्या दिवसांनंतरही आपण इथे पाहुणेच आहोत, हे त्यांना त्या वेळी फार जाणवे. नाव लागल्याशिवाय आपण यांच्यातले होणार नाही, अशी त्यांची ठाम समजूत झाली होती, आणि ती दूर करण्याऐवजी मंडळी तिला दर रविवारी खतपाणी घालत होती.

“विम्याचं नाव कशाला देता येईल?” मास्तर विचारी.

“पार्किंगला,” डॉक्टर म्हणे. “तिथे तो सगळ्यात चांगली चालवतो.”

आता, पडायचं म्हटलं तर कुणीही पडेल. पण इथे एक अडचण होती, आणि ती साहेबांनी स्वतःच्या हाताने करून ठेवली होती. ते नवीन आले तेव्हा या नामकरणात भलताच सावळागोंधळ होता. कुणीही येऊन ‘काल मी तिकडे पडलो’ म्हणे आणि जागा बळकावी. मास्तर तर एकदा चपलेचा पट्टा तुटून पडला होता आणि त्या पायवाटेवर हक्क सांगत होता. हे पाहून साहेबांमधला अधिकारी जागा झाला. पहिल्याच महिन्यात त्यांनी मंडळींना समोर बसवून पडण्याची व्याख्या केली. पडताना इंजिन चालू पाहिजे. पाय टेकून सावरलं तर ते पडणं नव्हे. अंग जमिनीला लागलं पाहिजे. पाहणारे दोन जण पाहिजेत आणि ते पडणाऱ्याच्या नात्यातले नसावेत. जागा जो आधी पडेल त्याची. आणि मुद्दाम पडलेलं आढळल्यास दावा बाद. मंडळींनी हे सगळं मोठ्या आनंदाने मंजूर केलं, कारण आता भांडायला मुद्दे मिळाले होते. हे नियम एक दिवस आपल्याच मुळावर येतील असं साहेबांच्या मनातही आलं नव्हतं. ऑफिसात तसं कधी झालं नव्हतं.

पहिला दावा साहेबांनी चिखलातून दाखल केला. खाणीच्या कडेला एक डबकं होतं, त्यातून जाताना त्यांची गाडी मध्येच रुतली, तिने दोन आचके दिले आणि ती शांतपणे आडवी झाली. साहेबही तिच्याबरोबर आडवे झाले. चिखल कानापर्यंत आला तरी त्यांना इतका आनंद कधी झाला नव्हता. शटर आणि मास्तर काठावरच उभे होते, म्हणजे साक्षीदारही पुरे होते.

“विम्याचं डबकं,” साहेब चिखलातूनच म्हणाले.

शटरने टोपी काढून डोकं खाजवलं. “इंजिन चालू होतं का रे मास्तर?”

“आधी बंद पडलं,” मास्तर म्हणाला. “मग हा पडला. मला वाईट वाटतंय, पण नियम नियम आहे.”

“अर्ध्या सेकंदाचा तर फरक आहे,” साहेब म्हणाले.

“मागच्या वर्षी माझ्या मेव्हण्याचा दावा एका दिवसाच्या फरकाने कुणी नाकारला होता?” शटरने विचारलं, आणि हात देऊन साहेबांना वर ओढलं. वर ओढल्यावर त्याने त्यांची पाठ थोपटली, गाडी धुऊन दिली, स्वतःचा कोरडा शर्ट दिला, आणि दावा मात्र फेटाळला.

घरी या प्रकरणाला भलतेच पाय फुटले. वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर राहत. त्यांना ज्या विषयातलं कळत नसे त्या विषयावर ते जिना उतरून सल्ला द्यायला येत, आणि त्यामुळे ते दिवसभर जिन्यातच असत. साहेबांच्या कपड्यांवरचा चिखल पाहून त्यांनी सगळी हकीकत काढून घेतली आणि डोळे मिटले.

“तुम्हाला पडण्याचं शिक्षण नाही,” ते म्हणाले. “मी तरुणपणी कुस्ती बघायला जात असे. पडण्यात सगळा खेळ खांद्याचा. अंग सैल सोडायचं. गहू भरलेलं पोतं बघा, कधी त्याचं हाड मोडलं का?”

पोत्याला हाडं नसतात हा मुद्दा साहेबांना सुचला, पण शेजारधर्मामुळे त्यांनी तो काढला नाही. त्याच संध्याकाळी दिवाणखान्यात गादी टाकण्यात आली. साहेब हेल्मेट, गुडघ्यांची कवचं आणि हातमोजे घालून सोफ्याच्या हातावर चढले, मॅनेजरांनी तोंडाने इंजिनाचा आवाज काढला, आणि साहेब गादीवर पडू लागले. चौथ्या-पाचव्या खेपेला गादी सरकली आणि साहेबांचं हेल्मेट काचेच्या कपाटात गेलं. कपाटात बायकोचा ठेवणीतला चहाचा सेट होता. होता, एवढंच आता म्हणता येईल. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. आमच्या छताचा पोपडा आजोबांच्या ताटात पडला, असं त्यांनी सांगितलं, आणि आत डोकावून हेल्मेट घातलेल्या साहेबांना पाहून उरलेली तक्रार गिळून त्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी साहेबांना हळूच बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

साहेबांची बायको एका शाळेच्या कचेरीत कामाला होती. पालक, शिक्षक आणि शिपाई या तिघांना पुरून उरल्यामुळे ती सहसा आवाज चढवत नसे. त्या रात्री बाहेरून घरी आल्यावर तिने फुटलेल्या सेटच्या काचा सुपलीत भरल्या.

“इतरांचे नवरे पडू नये म्हणून धडपडतात,” ती म्हणाली. “माझं नशीबच वेगळं.”

“तुला कळायचं नाही ते,” साहेब म्हणाले.

“कळायचं नाही कसं? टेकडीवर नाव पाहिजे. दारावर आहे, विजेच्या बिलावर आहे, गाडीवर आहे. आता टेकडी तेवढी राहिलीय.”

पुढच्या रविवारी साहेब तयारीनिशी पडले. जागा त्यांनी आधीच हेरून ठेवली होती. एक छान गवताळ उतार, दगड नाही, काटा नाही, वरून खाणीचा देखावा. ‘विम्याचा माळ’ हे नाव त्यांनी मनात पक्कंही केलं होतं. तिघे खाली उभे आहेत, इंजिन चालू आहे, याची खात्री करून साहेब उतारावर आले, एकदा मागे पाहिलं, एकदा खाली पाहिलं, अंग सैल सोडलं आणि पडले. पडल्यावर गाडीला लागू नये म्हणून तिच्याखाली त्यांनी हातही दिला.

तिघे वर येऊन त्यांच्याभोवती उभे राहिले.

“हा पडला नाही,” शेवटी डॉक्टर म्हणाला. “हा झोपला.”

“पडण्याआधी त्याने खिशातून चष्मा काढून गवतावर ठेवला,” मास्तर म्हणाला. “मी बघितलं.”

“हेतुपुरस्सर,” शटर म्हणाला. हा शब्द त्याने साहेबांकडूनच शिकला होता आणि वापरायची संधी बघत होता. त्या दिवशी चहा पिताना तिघांनी त्यांना इतकं पिडलं की साहेबांनी रागाने कप विसळले नाहीत. त्यावर शटरने मुकाट्याने सगळे कप विसळले, आणि साहेबांना आणखीच परक्यासारखं वाटलं.

त्यानंतर साहेबांनी पडण्याचा नाद सोडून दिला. आता गाडी विकून टाकावी, असं ते जेवताना म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. नवरा चिडलेला तिने अनेकदा पाहिला होता, पण इतका हिरमुसलेला पाहिला नव्हता.

“विकण्याआधी मला एकदा बघू तरी द्या,” ती म्हणाली, “ही कसली माणसं आहेत ती.”

म्हणून त्या रविवारी टेम्पोत पुढच्या सीटवर ती बसली, आणि साहेब मागे गाड्यांबरोबर दोरीला धरून आले. टेकडीवर तिचं जंगी स्वागत झालं. डॉक्टरने स्वतःचा रुमाल काढून दगड पुसला. मास्तरने तिला सगळी टेकडी नावानिशी दाखवली. शटरने साहेबांच्या झोपण्याची नक्कल करून दाखवली, आणि ती इतकी हसली की साहेबांनी आपल्या गाडीची साखळी तपासायला घेतली. साखळी घट्टच होती.

“वहिनी, बसून बघणार का?” शटरने विचारलं. मास्तरच्या पुतणीची एक लहानशी, बुटकी डर्ट बाईक टेम्पोत होती. “स्कूटरसारखीच आहे. फक्त ऐकत नाही.”

“घरी सवय आहे,” वहिनी म्हणाल्या, आणि पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून त्यांनी हेल्मेट मागितलं.

साहेब त्या वेळी वरच्या अंगाला होते. रुसलेल्या माणसाला शोभेल अशा अंतरावर त्यांनी गाडी नेली होती. तिथून त्यांनी पाहिलं की आपली बायको मास्तरच्या चढाला लागली आहे आणि शटर आणि मास्तर तिच्यामागे धावत ओरडत आहेत, “वहिनी, क्लच, क्लच.” त्या चढापुढे एक आंधळं वळण होतं, आणि वळणाच्या पलीकडे सैल खडी. हे साहेबांच्या लक्षात आलं. पुढे जे केलं ते त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं. पाय न टेकता, न उतरता, वळसा न घालता, ते सरळ उतारावरून खाली सुटले.

वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. खडीवर पुढचा ब्रेक दाबायचा नसतो, हे त्यांना मंडळींनी वर्षभर सांगितलं होतं. गाडी जागेवर फिरली. साहेब हँडलवरून उडाले, हवेत त्यांचे दोन्ही हात पसरले, आणि ते काटेरी झुडपात खांद्यावर पडले. अंग सैल होतं. इंजिन घरघरत होतं. हेतू अजिबात नव्हता. टेकडीच्या इतिहासात इतकं निर्दोष पडणं झालं नव्हतं.

त्याच क्षणी वळणावरून बायको आली. नवरा पक्ष्यासारखा उडताना पाहून तिचा हात दचकून मुठीवर आवळला, गाडीने उडी घेतली, आणि तीही तिथेच, खडीवर, कमरेवर आपटली. तेवढ्यात वळणाआडून शटर आणि मास्तर धापा टाकत आले आणि दोघांनीही तिला डोळ्यांदेखत पडताना पाहिलं. साहेब झुडपाच्या पोटात होते. ते कुणाला दिसले नाहीत.

पुढे बराच गलका झाला. साहेब काटे सोडवत बाहेर आले ते थेट बायकोकडे धावले. तिला कोपरावर खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. डॉक्टरने मागून येऊन तिचे दात तपासले, कारण त्याला तेवढंच येत होतं. तिघांनी मिळून तिला उठवून बसवलं, पाणी पाजलं, आणि ती हसते आहे असं पाहिल्यावर शटरने साहेबांच्या पाठीवर थाप मारली.

“मानलं विमा. गाडी फेकून धावलास बायकोसाठी.”

“फेकली नाही,” साहेब म्हणाले. “मी पडलो. हिच्याआधी पडलो. झुडपात बघा, माझा हातमोजा अडकलाय.”

“कुणी पाहिलं?” मास्तरने विचारलं.

साहेबांनी बायकोकडे बोट दाखवलं आणि मग त्यांना नात्याचा नियम आठवला. त्यांचा चेहरा असा काही पडला की शटरसारख्या माणसालाही ते बघवेना. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“जाऊ दे रे,” डॉक्टर म्हणाला. “आज एकच साक्षीदार, तोही नात्यातला, चालवून घेऊ. आपलाच माणूस आहे. वहिनी, तुम्ही म्हणाल ते खरं. हा आधी पडला का?”

तिघे तिच्याकडे वळले. वर्षभराची उपेक्षा आता एका वाक्याने धुऊन निघणार होती. साहेबांनी अंगातले काटेसुद्धा काढायचे थांबवले.

बायकोने हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि ती म्हणाली, “मला काही दिसलं नाही. मी पडत होते.”

म्हणजे प्रश्नच मिटला. दोन साक्षीदार, इंजिन चालू, नातं नाही, हेतू नाही. पहिल्याच दिवशी, पहिल्याच फेरीत बाईंनी जागा मिळवली. “वहिनींचं वळण,” मास्तर म्हणाला.

“वहिनी कसली?” ती म्हणाली. “तुमची सगळ्यांची टोपणनावं, मग माझं का नको? लहानपणी मला घरी भिंगरी म्हणायचे. कुठे एका जागी ठरत नसे म्हणून.”

साहेब इतकी वर्षं तिच्याबरोबर संसार करत होते, पण हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. तिघांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांनीही उरल्यासुरल्या हातमोज्यानिशी वाजवल्या.

घरी आल्यावर ती त्यांच्या पाठीतले काटे चिमट्याने काढत होती. बशीत सात-आठ काटे जमले.

“तू पाहिलंस,” शेवटी साहेब म्हणाले.

“पाहिलं ना. हात पसरून गेलात. छान पडलात.”

“मग सांगितलं का नाहीस?”

तिने एक काटा काढून बशीत ठेवला. “मला ती जागा हवी होती,” ती म्हणाली. “शाळेत मी बाई, सोसायटीत मी तुमची मिसेस, तिथेही वहिनी होणार होते. मला एकदम वाटलं, हे आपलं असू दे. वाईट वाटलं तुम्हाला?”

“वाटलं,” साहेब म्हणाले.

“त्यांना फोन करून खरं सांगू का?”

साहेबांनी विचार केला. ऑफिसात असते तर त्यांनी हे प्रकरण पुन्हा उघडलं असतं.

“नको,” ते म्हणाले. “डाव्या खांद्याखाली अजून एक आहे, तो काढ.”

गाडी काही विकली गेली नाही. पुढे काही रविवारांनी मंडळींमध्ये एक नवा केमिस्ट आला. त्याला टेकडी दाखवण्याचं काम साहेबांकडे आलं, आणि ते त्यांनी पुढे राहून केलं. डॉक्टरची घळ दाखवली, शटरचा खड्डा दाखवला, मास्तरची सगळी जमीन दाखवली. वळणापाशी आल्यावर त्यांनी गाडी हळू करायला सांगितली.

“इथे जपून. हे भिंगरीचं वळण.”

केमिस्टने खडीकडे पाहिलं, झुडपाकडे पाहिलं. “आणि तुमच्या नावावर इथे काही नाही का, साहेब?”

“जागा आहे ना माझी,” साहेब म्हणाले. “बायकोच्या नावावर घेतलीय.”